साठ मुलांचा आराखडा

विद्यापीठाच्या कमिटीची जीप तास झाला तरी आली नव्हती, म्हणून प्राचार्य उत्तमरावांनी नुसतं उभं राहण्यापेक्षा धडा काढला. अर्थशास्त्र, नियोजनाचं प्रकरण. समोर साठ मुलं बसली होती. कालपर्यंत या वर्गात सात बसत होती.

बाकीची त्रेपन्न सकाळी संस्थेचे अध्यक्ष पंजाबराव यांनी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून बीबी गावाच्या रस्त्यावरून आणली होती. तिथे दुष्काळी कामावर ती खडी फोडत. नावं पटावरची खरीच होती हो! पाऊस गेला, तशी पोरं पुस्तकं ठेवून हातोडे घेऊन बसली, एवढंच. दिवसाची मजुरी संस्था देणार होती. अट एकच, पट पुकारला की उठायचं आणि 'येस सर'शिवाय दुसरं अक्षर तोंडातून काढायचं नाही. तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला विद्यापीठाची मान्यता मिळाली तर कॉलेज राहणार होतं. नाही मिळाली तर याच पोरांची पदवी दोन वर्षांवर लोंबकळत राहणार होती आणि जूनमध्ये दाराला कुलूप लागणार होतं.

तिसऱ्या बाकावरच्या सईदने हात वर केला. आठ महिन्यांत या वर्गात कुणी काही विचारलं नव्हतं. उत्तमरावांना एवढं बरं वाटलं की खडू हातातून सुटता सुटता राहिला.

"सर, योजना पाच सालाचीच काऊन रायते? पुढच्या महिन्याची काऊन नाई करत?"

"चांगलं इचारलं," उत्तमराव म्हणाले. "आता पाय..."

तेवढ्यात फाटकात जीप वाजली. "सर, पुस्तक ठेवा!" पंजाबराव दारातून ओरडले. "पाह्यणे आले!"

कमिटीत तिघं होते. त्यांतल्या वयस्कर प्राध्यापकांनी चहा नको म्हटलं आणि पटाचं पुस्तक स्वतःच हातात घेतलं. एकेक नाव पुकारलं जात होतं, एकेक पोरगं उठत होतं. येस सर, येस सर. तीस नावं अशी सुरळीत गेली. पंजाबरावांनी मिशीवरून हात फिरवला.

"शेख सईद शेख वहाब."

सईद खिडकीबाहेर बघत होता. दचकून उठला आणि मोकळ्या माळावर ओरडावं तसा ओरडला, "हाजिर! अन् अम्मी बी हाजिर!"

कामावर मुकादम घरातल्या एकाचंच नाव पुकारतो, आणि आपल्याबरोबर घरातलं आणखी कोण आलंय ते त्यानंच ओरडून सांगायचं असतं. सईद रोज सकाळी हेच ओरडत आला होता.

वर्ग हसायला हवा होता. साठांतलं एक पोरगं जरी फिस्सकन हसलं असतं, तरी थट्टेवारी नेऊन निभावता आलं असतं. पण कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मागचा मुलगा तर आपल्या नावासाठी उठायच्या तयारीत होता.

प्राध्यापकांनी पट मिटला. ते बाकापाशी गेले, सईदचा हात उलटा करून तळवा पाहिला.

"आई कुठे आहे?"

"कामावर, सर."

"आणि उद्या तू कुठे असशील?"

सईदने उत्तमरावांकडे पाहिलं. उत्तमरावांनी मान खाली घातली.

"येस सर," सईद म्हणाला.

पुढे पट पुकारला गेलाच नाही. ऑफिसात प्राध्यापकांनी उत्तमरावांचा आराखडा उघडला. पंधरा रात्री जागून लिहिलेला, पाच वर्षांचा. पुढल्या वर्षी नव्वद मुलं, मग दीडशे, चौथ्या वर्षी विज्ञान शाखा, पाचव्यात मुलींचं वसतिगृह.

"सुरेख केलाय हो," ते म्हणाले, आणि खरंच मनापासून म्हणाले. "मोठमोठ्या कॉलेजांकडून असा येत नाही. पण तुम्ही यात दर वर्षी पाऊस धरलाय."

"मान्यता दिली तर पोरं परत येतील, साहेब."

"पोरं परत आली, की मान्यता देऊ."

जीप गेली. पंजाबराव बराच वेळ धुळीकडे बघत राहिले. माणूस वाईट नव्हता. या इमारतीसाठी त्याने स्वतःची चार एकर जमीन दिली होती.

"गेलं, सर," ते म्हणाले. "तहसीलवाले वाटपाच्या सुकडीचे पोते ठेवाले जागा मांगून राह्यले. देऊन टाकतो त्याइले. निदान कोणाच्या पोटाले तं जाईन."



व्हरांड्यात पोरांना मजुरी वाटली. सईद सगळ्यांत शेवटी आला आणि हात मागे बांधून उभा राहिला.

"माही मजुरी नोका देऊ, सर. म्या घोळ केला."

"तुहा काई दोष नाई बे. घे."

त्याने पैसे घेतले. खिशात घातले. तरी हलेना. ट्रॉलीतून पोरं त्याला हाका मारत होती.

"सर, कमिटी अखीन कवा येईन?"

"आता नाई येत."

"मंग मी पाच सालाचं इचारलं होतं, ते सांगाचं राह्यलंच," सईद म्हणाला, आणि धावत जाऊन ट्रॉलीत चढला.