आखूड धावपट्टी

विमानातलं रेकॉर्डिंग तिसऱ्यांदा लावलं, तेव्हा चौकशीच्या खोलीत कुणी खोकलंसुद्धा नाही.

आधी टॉवरवरच्या कंट्रोलरचा आवाज आला. गोड, घाईतला. "आज आखूड धावपट्टी देते, कॅप्टन. चालेल ना?" मग नुसती इंजिनांची घरघर. मग कॅप्टन, "चालेल." एवढंच. पुढे पाच मिनिटांनी ते अवजड विमान उतरलं आणि ओल्या धावपट्टीच्या टोकावरून घसरत थेट कुंपणाच्या भिंतीत गेलं. प्रवासी हातपाय मोडून का होईना, वाचले. सहवैमानिक अजून शुद्धीवर यायचा होता. कॅप्टन जागीच गेला.

कंट्रोलर समोरच बसली होती, स्वतःचाच आवाज ऐकत. टॉवरमध्ये तिला सगळे 'झटपट' म्हणत, आणि तिला ते आवडायचं. तिच्या पाळीत विमानं ताटकळत नसत. त्या दुपारी लांब धावपट्टीच्या तोंडाशी पाच छोटी विमानं उड्डाणासाठी खोळंबली होती. मोठ्या विमानाला लांब धावपट्टी, हा टॉवरमधला पहिला धडा. पण कॅप्टन हो म्हणाला तर आखूडही देता येते. आणि 'चालेल ना' असं विचारल्यावर नाही म्हणणारा कॅप्टन तिला अजून भेटला नव्हता. रेडिओच्या त्या लाइनवर बाकीचे पायलट कान देऊन असतात. मला जमणार नाही, असं त्यांच्यादेखत कोण म्हणणार? हे तिला पक्कं ठाऊक होतं.

चौकशीचे अध्यक्ष समजूतदार गृहस्थ. मधली शांतता सहा सेकंदांची आहे, असं ते म्हणाले. तेवढ्यात कॅप्टननी अंतराचा तक्ता पाहिला असणार, आकडे जुळतात असं वाटलं म्हणून होकार दिला असणार. टॉवरने विचारलं, त्यांनी घेतलं, विषय संपला.

कॅप्टनची बायको मागच्या खुर्चीवर होती. तिला फक्त ऐकायला बोलावलं होतं. तरी ती उठली.

"तक्ता नव्हते बघत ते," ती म्हणाली. "काही वाचायचं झालं की ते पुटपुटतात. औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा. पुटपुटायचे. इथे एक शब्द नाही."

अध्यक्षांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. तिने तो घेतला नाही.

"घरीही कधी तोंडाने नाही म्हणाले नाहीत. माझ्या आईला कायमचं आपल्याकडे आणू या, चालेल ना? असं काही मी विचारलं की आधी गप्प बसायचे, मग चालेल म्हणायचे. ते गप्प बसणं म्हणजेच नाही. मला कळायचं. कळूनही मी पुढे जायचे, माझं काम होत होतं ना." मग ती कंट्रोलरकडे वळली. आवाजात राग नव्हता, आणि तेच सहन होण्यासारखं नव्हतं. "तुम्हालाही कळलं होतं का, बाई?"

कळलं होतं. ते सहा सेकंद तिने श्वास रोखून धरला होता. उत्तराला उशीर झाला की पुन्हा विचारायचं, अशी टॉवरची रीत. पुन्हा विचारलं असतं तर तो माणूस कदाचित नाही म्हणाला असता, म्हणूनच तिने विचारलं नव्हतं. गेले अडीच महिने ती हेच उराशी घेऊन झोपत होती, हेच घेऊन उठत होती, आणि कुणाला सांगायची तिच्यात धमक नव्हती.

हा प्रश्न आपल्या चौकशीत बसत नाही, असं अध्यक्षांनी हळुवारपणे सांगितलं. टाइप केलेला कागद त्यांनी कंट्रोलरपुढे सरकवला, वर पेन ठेवलं. कॅप्टनने आखूड धावपट्टी कोणत्याही दबावाशिवाय, राजीखुशीने स्वीकारली, असं त्यात होतं. खाली तिच्या सहीसाठी जागा सोडलेली.

"एवढ्यावर मिटवू या," ते म्हणाले. "चालेल ना?"

ती कागदाकडे बघत राहिली. खोलीत पंख्याची घरघर तेवढी चालू होती. कॅप्टनची बायको भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत होती.

"चालेल," कंट्रोलर म्हणाली.