तिसरा रिपोर्ट

म्हाताऱ्या सेमीसीच्या दोन्ही किडन्यांत पाण्याच्या गाठी होत्या, आणि त्या गाठी वाढत गेल्यानं किडन्या वर्षागणिक निकामी होत चालल्या होत्या. आजार बापाकडून लेकरांत उतरणारा, म्हणून राजधानी नुकुआलोफाच्या डॉक्टरांनी मुलांना सोनोग्राफीला बोलावलं. दोघा सख्ख्या भावांमागे दत्तक फिलिमोनेही रांगेत उभा राहिला. चर्चला जाताना नेसतात ती मानाची चटई कमरेला गुंडाळून आला होता.

"तू कशाला आलास रे?" थोरला हसला. "तुला ना बाबांची जमीन, ना त्यांचा आजार. तू त्यांचा नाहीसच."

"बाबांच्या मुलांना बोलावलंय ना? मग आलो," फिलिमोने म्हणाला आणि जागचा हलला नाही. भावांचं हे वाक्य त्यानं हजारदा ऐकलं होतं. बाबांच्या तोंडून एकदाही नाही. तेवढ्यावर तो तीस वर्षं जगला होता.

संध्याकाळी रिपोर्ट आले. दोन्ही भावांच्या किडन्यांत गाठी होत्या. ते कागद म्हाताऱ्यानं बाजूला ठेवले. तिसरा मात्र त्यानं दोनदा वाचला. मग फिलिमोनेला जवळ ओढून त्यानं त्याच्या गालाला नाक टेकवलं.

"देवाची कृपा रे पोरा," तो हुंदका देत म्हणाला, "तू माझा नाहीस."