क्रीटला निघताना

"दुपारी तिथं सगळं बंद असतं, म्हणून फिरायचं ते सकाळीच. किनाऱ्यावर वाळू कमी, गोटेच जास्त; रबरी बूट ने." पेढ्यांचा बंद डबा मांडीवर घेऊन विभा सांगत होती. हनिमूनला क्रीट बेटावर निघालेली नणंद शर्वाणी ऐकत होती.

विभाचाही हनिमून क्रीटलाच झाला होता. तेव्हा शर्वाणीनंच टुमणं लावलं होतं, "दादा, आईलाही ने ना. तिचं कुठं फिरणं होतं!" निळाशार समुद्र विभानं हॉटेलच्या खिडकीतूनच पाहिला, सासूबाईंसाठी मऊ भात लावता लावता. एकाच खोलीतलं त्यांचं घोरणं अजून तिच्या कानात होतं.

"आणि खोलीत तिसरी कॉट आत्ताच सांगून ठेव. आयत्या वेळी मिळत नाही."

"तिसरी? कुणाला?"

"तुझ्या सासूबाईंना. मीच म्हटलं त्यांना, तुमचं तरी कुठं फिरणं होतं! तुझा नवरा लगेच तयार झाला. तुला सांगायचं धाडस त्याला होईना. व्हिसा आल्याचे पेढे सकाळीच देऊन गेल्या त्या." विभानं डबा उघडून पुढं केला. "घे, तोंड गोड कर."