कॉर्डलेसचा प्लग

वेदश्री फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाली आणि नवनगरच्या घरात वापरात नसलेल्या प्रत्येक यंत्राचा प्लग काढून ठेवू लागली. रविवारी सकाळी तिने कॉर्डलेस फोनचाही काढला, कारण त्याचा लाल दिवा दिवसभर फुकट जळायचा.

त्याच दिवशी शर्मिला अक्काला पाहून गेलेल्या मुलाकडून फोन यायचा होता. संध्याकाळपर्यंत घंटा वाजली नाही, तेव्हा अप्पांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

"प्लगशिवाय हा फोन वाजत नाही, विदुषी. वीज वाचली, अक्का राहिली घरात."

तेवढ्यात देशपांडे नगरहून तो मुलगा, श्रीवत्स, स्वतःच दारात हजर झाला. "सकाळपासून फोन करतोय, कुणी उचलेना. म्हणून आलोच."

आईने त्याच्यापुढे चुरमुऱ्यांचं गिरमिट ठेवलं, अक्काने चहा आणला. तो रात्री जेवूनच उठला आणि जाताना होकार देऊन गेला.

लग्नाच्या मांडवात वेदश्रीने त्याला छेडलं, "एवढी कसली घाई होती हो, भावोजी? दुसऱ्या दिवशी फोन केला असता."

श्रीवत्सने अक्का लांब आहे ना, ते पाहून घेतलं.



"नकार कळवायला आलो होतो. फोनवर जमलं असतं, तोंडावर जमेना."