कोबी बंद

“कोबी बंद,” सोमाने वाचलं आणि चिठ्ठीची घडी करून खिशात घातली.

सिंधी वस्तीच्या कॅम्प एकमधल्या डॉक्टरांनी चिठ्ठी इंग्रजीत दिली होती. गयाबाईला मराठी वाचता यायचं, इंग्रजी नाही.

“आणि?”

“खडेमीठ सोडायचं, पुड्यातलं आयोडिनवालं खायचं. सहा महिन्यांनी परत दाखवायचं.”

तिच्या गळ्यात थायरॉइडची गाठ होती. सुई घालून केलेल्या तपासणीत वाईट काही निघालं नव्हतं. पण गाठ वाढली तर ऑपरेशन, आणि ऑपरेशनमध्ये आवाजाला धोका, असं डॉक्टर म्हणाले होते. गयाबाई दर जयंतीला अंबरनाथ पश्चिमेच्या चौकात भीमगीतं गायची. येता एप्रिल शंभराव्या जयंतीचा होता.

“आवाज गेला तर?”

“काय जात नाय. पथ्य पाळ.”

घरी येताच सोमाने पथ्य मोठ्या मराठी अक्षरांत लिहून दारावर चिकटवलं.

चाळ हळहळली ती सोमासाठी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी गयाबाईने कोबीची भाजी केली होती आणि नव्या नवऱ्याने ती दोनदा मागून घेतली होती. तेव्हापासून एकोणीस वर्षं मंगळवारी आणि शुक्रवारी त्याच्या डब्यात कोबी असायचा.

“तुमच्यापुरती करते ना,” गयाबाई म्हणाली.

“तू बघत बसणार आन् मी खाऊ? ह्या घरात कोबी येणार नाय.”

शेजारच्या इंदुबाईने हे भिंतीपलीकडून ऐकलं आणि स्वतःच्या नवऱ्याला सुनावलं, “बघा, ह्याला म्हणतात माणूस! तुमची तंबाखूची डबी सुटत नाय.”

वासाने गयाबाईला खावंसं वाटू नये म्हणून चाळीतल्या सहा घरांनी कोबी आणणं सोडलं. सोमाच्या डब्यात भेंडी, गवार, सुकट येऊ लागली. दिवाळीनंतर त्याची पँट कमरेत होईना.

“दुःखात माणूस जास्त जेवतो,” इंदुबाई म्हणाली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टरांनी गाठ मोजली. होती तेवढीच होती.

“ऑपरेशन की जरूरत नहीं. खुशाल गा, बाई.”

सोमाने रुमालाने डोळे पुसले.

“आता कोबी चालेल?” गयाबाईने विचारलं.

डॉक्टरांनी जुन्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग सोमाकडे. “शिजवून खा ना.”

या वेळी ती जुनी चिठ्ठी गयाबाईने आपल्या पिशवीत टाकली.

जयंतीला तिने चौक गाजवला. दुसऱ्या दिवशी सोमाने रजा टाकली होती. दुपारी सोमा जेवायला बसला तेव्हा ताटाभोवती सात वाट्या होत्या. सहा घरांच्या सहा आणि गयाबाईची एक. चणाडाळ घातलेला कोबी, वाटाणा घातलेला, नुसता मिरचीवर परतलेला.

“एवढा?”

“भावजी, लाजू नका,” इंदुबाई दारातून म्हणाली. “सहा महिने तिच्यासाठी जीव मारलात.”

सोमा खाली मान घालून जेवला. गयाबाई पदराने वारा घालत समोर बसली होती. सातवी वाटी रिकामी झाली तशी तिने पिशवीतून चिठ्ठी काढून ताटाशेजारी ठेवली. इंदुबाईच्या सुनेने आठवड्यापूर्वीच इंग्रजी ओळींखाली पेन्सिलीने मराठी लिहून दिलं होतं: पुड्यातलं मीठ वापरावं, सहा महिन्यांनी तपासणी, बाकी सर्व खावं.

“मग,” गयाबाई म्हणाली, “शुक्रवारी डब्याला काय देऊ?”