मे महिन्यातलं नळकाम

"मे महिन्यात हे यंत्र कोण बसवतं?" तळघरात बादली पालथी घालून बसलेल्या पेत्रोनं विचारलं. त्याच्या हातात टॉर्च होता आणि खिशात नेहमीचा कापूस.

"मी," ओरिसिया म्हणाली आणि तिनं गरम पाण्याची नळी कापली.

कॅनडातल्या यॉर्कटनच्या हिवाळ्यात घर तापवणाऱ्या फर्नेसची कोरडी हवा पेत्रोच्या नाकावरच उठायची. आठवड्यातून दोनदा घोळणा फुटायचा, उशी लाल व्हायची. हवा दमट ठेवणारा ह्युमिडिफायर चार वर्षं खोक्यात पडून होता. ओरिसियानं तीस वर्षं लोकांच्या तळघरांत असली कामं केली होती, पण घरी मात्र दिव्याखाली अंधार.

"डॉक्टर काय म्हणाला, विसरलीस? बर्फ पडेपर्यंतसुद्धा भरवसा नाही." पेत्रो म्हणाला. "उरलेले दिवस शेजारी शेजारी बसून काढू. हा खटाटोप कशाला?"

"डॉक्टरला नळकाम येतं का? त्यानं त्याचं बघावं."

"मग नळीला भोक पाड, वर पट्टी आवळ. पाच मिनिटांत होतं."

"आणि वर्षभरात गळतं. माझ्या हातचं गळणार नाही."

तिनं तिहेरी जोड बसवला, डाग दिला, बारीक तांब्याची नळी यंत्रापर्यंत नेली. मग फर्नेसला पाठ टेकून जरा थांबली. गल्लीतल्या साऱ्या आज्यांसारखा डोक्याला बांधलेला रुमाल घट्ट केला आणि पुन्हा कामाला लागली.

सांडपाण्याची नळी कोपऱ्यातल्या मोरीपर्यंत उतरती हवी. एका जागी ती जराशी लोंबत होती. पेत्रो म्हणाला, चालतंय. ओरिसियानं खिळे उपटून ती पुन्हा ठोकली. वरून कपभर पाणी ओतलं, ते सरळ मोरीत गेलं.

"ऊठ. ही कळ 'उन्हाळा'वरून 'हिवाळा'वर फिरव. मग ही तोटी उघड."

"तू आहेस की."

"फिरव!"

त्यानं फिरवली. तिनं तीनदा करून घेतलं. चौथ्यांदा तो वैतागला. "ऑक्टोबरला पाच महिने आहेत, बाई! तेव्हा दाखव."

ओरिसियानं रुमाल सोडून घाम पुसला. टॉर्चच्या उजेडात तिच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

"तेव्हा तुझी उशी बदलायला मी नसेन, म्हाताऱ्या. फिरव पुन्हा."