बिनचूक प्रोग्रॅम

सोनालीचं लग्न लागलं ते शहाण्णव साल. मांडव उतरला आणि तिच्या भावाने, चेतनने, नवागामच्या खोलीत जुना संगणक आणून स्वतःचा धंदा सुरू केला. पहिलंच काम मिळालं ते वडील लोटू ज्या कारखान्यात माग चालवायचे तिथलं, हजेरीच्या प्रोग्रॅमचं. कामगार तीन दिवस आला नाही की चौथ्या दिवशी त्याचं नाव आपोआप उडालं पाहिजे, ही शेठची अट.

आधी हजेरी मुनीम मांडायचा. त्याला ताप सांगता यायचा, गावाकडचं मयत सांगता यायचं. ते ऐकून घेणारी ओळ प्रोग्रॅममध्ये कुठे लिहावी हे चेतनला सुचलं नाही, आणि शेठने विचारलंही नाही.

नवरात्रात लोटूंना ताप भरला. सुभद्राबाई नवऱ्याला अडवायला दारातच उभी राहिली.

"पोऱ्याना मशीनले खोकला ऐकू येस का?" म्हणत लोटूंनी डबा उचलला.

"नाना, तुमचं नाव उडणार नाही असं करतो मी," चेतन म्हणाला. "कोणाला कळायचंही नाही."

"मग लोके म्हनतीन, पोऱ्यानी बापले सूट दिधी. तुन्हा पहिला धंदा शे, भाऊ." आणि ते चालू लागले.

महिनाअखेर शेठ खूश होता. "सरस काम, चेतनभाई." प्रोग्रॅमने महिनाभरात एकच नाव उडवलं होतं, तेही बिनचूक.

***

लोटू त्या वर्षी नवरात्राच्या पाचव्या माळेला, चालू मागापाशी वारले.